मुंबईत नाटक, गाणं, लोककला प्रत्यक्ष बघायची तर नेमकं कुठे जावं?

मुलुंडकर_नवा

नमस्कार मंडळी. नोकरीमुळे सांगलीहून मुलुंड पश्चिमेला राहायला आलोय. गावाकडे भावे नाट्यमंदिराच्या पाटीवर नाव दिसलं की तिकीट काढायचं, एवढं सोपं होतं. इथे इतकी नाट्यगृहं आहेत आणि अंतरं अशी आहेत की कुठे काय चालतं हेच समजत नाही. ॲपवर पाहिलं तर स्टँडअप आणि ऑर्केस्ट्राच वर येतात, बाकी शोधावं लागतं.

मला हे जाणून घ्यायचं आहे:
व्यावसायिक मराठी नाटकासाठी मुलुंडहून सोयीची नाट्यगृहं कोणती, आणि तिकिटं कुठली काढावीत?
प्रायोगिक नाटक कुठे होतं?
शास्त्रीय गाणं फार खर्च न करता कुठे ऐकायला मिळतं?

पुढच्या महिन्यात आई-बाबा येणार आहेत. आईचे गुडघे दुखतात, त्यामुळे फार जिने नकोत. लोकलचाच प्रवास असेल, गाडी नाही. जाणकारांनी सविस्तर लिहावं ही विनंती.

---

तिसरी_घंटा

सुरुवात घरापासून करा. मुलुंड पश्चिमेलाच महापालिकेचं कालिदास नाट्यगृह आहे, क्रीडासंकुलाच्या आवारात. तुम्हाला चालत किंवा रिक्षाने जाता येईल. पुढचं स्टेशन ठाणे. तिथे मासुंदा तलावाशेजारी गडकरी रंगायतन, स्टेशनपासून दहा-पंधरा मिनिटं चालत. १९७८ पासूनचं हे नाट्यगृह, आणि ठाण्याचा प्रेक्षक फार चोखंदळ. चांगल्या नाटकाचा गडकरीचा प्रयोग रंगतोच. ठाण्यातलंच घाणेकर नाट्यगृह घोडबंदर रोडच्या बाजूला आहे, स्टेशनपासून बस किंवा रिक्षा लागते. संध्याकाळी त्या रस्त्याची कोंडी लक्षात घेऊन एक तास हाताशी ठेवूनच निघा.

दक्षिणेकडे आलात तर दादर पश्चिमेला प्लाझासमोर शिवाजी मंदिर आणि माटुंग्याला नाट्य परिषदेचं यशवंत नाट्य मंदिर. यशवंतला जाताना एक गोष्ट ध्यानात ठेवा. मध्य रेल्वेचं माटुंगा स्टेशन आणि पश्चिम रेल्वेचं माटुंगा रोड ही वेगवेगळी आहेत. तुम्ही धीम्या लोकलने माटुंग्याला उतराल, तर झेड ब्रिजवरून पश्चिमेला यायचं. आईंना तो पूल नको असेल तर दादरला उतरून टॅक्सी करा. पार्ल्याचं दीनानाथ आणि बोरिवलीचं प्रबोधनकार ठाकरे ही दोन्ही उत्तम, पण मुलुंडहून दादरला गाडी बदलावी लागते. एखादं नाटक तुमच्याकडे येणारच नसेल तर जा. बहुतेक चालती नाटकं दोन-तीन आठवड्यांत कालिदास किंवा गडकरीला फिरून येतातच, थोडा धीर धरला की झालं.

नाटक शोधायला आजही सगळ्यात भरवशाची जागा म्हणजे लोकसत्ता आणि महाराष्ट्र टाइम्समधलं नाटकांच्या जाहिरातींचं पान, विशेषतः शनिवार-रविवारचं. जाहिरात अशी असते: ‘शनि. दु. ४ गडकरी, रवि. दु. ४ शिवाजी, रात्रौ ८.३० दीनानाथ’. नाट्यगृहाचं पूर्ण नाव नसतं, पत्ता नसतो. शिवाजी म्हणजे दादर, कालिदास म्हणजे मुलुंड, गडकरी म्हणजे ठाणे, फुले म्हणजे डोंबिवली, अत्रे म्हणजे कल्याण, भावे म्हणजे वाशी. (तुम्हाला भावे म्हटलं की सांगलीच आठवणार, म्हणून मुद्दाम सांगतो.) एका आठवड्यात एका नाटकाचे चार-पाच प्रयोग वेगवेगळ्या ठिकाणी असतात, त्यामुळे तारखेच्या शेजारचा शब्द नीट वाचा. नाट्यगृह चुकून भलतीकडे पोचणारे लोक दर आठवड्याला दिसतात.

तिकिटं तीन ठिकाणी मिळतात: नाट्यगृहाच्या खिडकीवर, बुकमायशोवर आणि तिकिटालय या ॲपवर. मराठी नाटकासाठी तिकिटालय जास्त उपयोगी, कारण तिथे बाकीची गर्दी नसते. खिडकी दिवसभर उघडी नसते. साधारणपणे सकाळी साडेआठ-नऊपासून साडेअकरापर्यंत आणि संध्याकाळी पाच ते आठ, अशा दोन सत्रांत ती चालते. दुपारी गेलात तर हेलपाटा पडेल. खिडकीचा फायदा म्हणजे छापील प्लॅन समोर दिसतो. बुकिंगवाल्यांना विचारा, ‘मधल्या जागेच्या दोन द्या’, ते बरोबर काढून देतात. शिवाय पहिल्या ओळींतल्या काही खुर्च्या निर्मात्यांनी राखून ठेवलेल्या असतात. त्या उरल्या तर कधीकधी प्रयोगाच्या अर्धा-पाऊण तास आधी खिडकीवर सुटतात. ॲपवर ‘हाऊसफुल्ल’ दिसलं तरी जवळच राहत असाल तर चक्कर टाकायला हरकत नाही.

दर बघताना एक समजून घ्या. नाटकाच्या ५०० रुपयांपर्यंतच्या तिकिटाला जीएसटी नाही, त्यापुढे लागतो. म्हणून बऱ्याच नाटकांचं वरचं तिकीट नेमकं ५०० वर थांबलेलं दिसतं आणि खालचे दर ४००, ३००, बाल्कनी त्याहून कमी, असे उतरत जातात. बॅनरवर नाव मोठं असेल तर दर याच्या बराच वर जातो.

आता खुर्ची. पहिली ओळ मिळाली म्हणून आनंद मानू नका. मराठी नाटकाचा सेट बहुतेकदा दिवाणखान्याचा, आणि हल्ली मागे जिना चढून वरची खोलीही असते. पहिल्या दोन ओळींत मान वर करून बसावं लागतं, रंगमंचाच्या कडेमुळे नटांचे पाय दिसत नाहीत आणि वरच्या खोलीतला प्रवेश अर्धवट दिसतो. चौथी ते नववी ओळ, मधला भाग, ही सगळ्यात चांगली जागा. कडेच्या खुर्च्या टाळा: अगदी डावीकडे बसलात तर सेटची डावी भिंत तिरकी लागते आणि त्या बाजूच्या दारातली एन्ट्री दिसतच नाही. पुढची कड आणि मागची मधली यांत निवड करायची वेळ आली तर मधली घ्या.

आणखी एक. बाल्कनीखाली येणाऱ्या तळमजल्यावरच्या शेवटच्या ओळींत आवाज दबतो, कारण वरून छत खाली आलेलं असतं. त्यापेक्षा बाल्कनीची पहिली ओळ कितीतरी बरी आणि स्वस्तही. मात्र बाल्कनी म्हणजे जिने आलेच, तेव्हा आईंसोबत तळमजलाच.

नाटक बहुतेक दोन अंकी, मध्यंतरासह सव्वादोन ते अडीच तास. तिसरी घंटा झाली की पडदा उघडतो; उशिरा आलात तर अंधारात लोकांच्या पायांवरून जावं लागतं आणि पहिल्या पाच मिनिटांत कथेचा पाया घातलेला असतो, तो हुकतो. मध्यंतर दहा-पंधरा मिनिटांचं. बटाटेवडा खायचाच असेल (आणि खावाच) तर अंक संपता संपता एकाने उठून रांगेत उभं राहण्यापेक्षा प्रयोगाच्या आधी खाऊन घ्या. अंकाचा शेवट हा लेखकाने सगळ्यात जास्त मेहनत घेतलेला क्षण असतो, तो दाराशी उभं राहून बघू नये.

रविवारी मेगाब्लॉक. मध्य रेल्वेवर बहुतेक रविवारी माटुंगा ते मुलुंड दरम्यान सकाळी ११ ते दुपारी ४ च्या सुमारास असतो. म्हणजे दुपारी चारच्या दादरच्या प्रयोगाला तुमचा प्रवास नेमका ब्लॉकमध्ये येतो. गाड्या चालू असतात, पण मार्ग बदललेला, काही स्टेशनं गाळलेली आणि वीस-पंचवीस मिनिटं उशीर. शनिवारच्या वर्तमानपत्रात ब्लॉकची बातमी येते, ती बघून निघा. वृद्ध माणसं बरोबर असतील तर रविवारी कालिदास किंवा गडकरी आणि शनिवारी दादर, असं गणित सोयीचं पडतं.

---

रंगपट

वरच्या प्रतिसादात बहुतेक सगळं आलंय. मी प्रायोगिक आणि इतर भाषांतल्या रंगभूमीबद्दल लिहितो.

जुहूचं पृथ्वी थिएटर, १९७८ सालचं, साधारण २०० खुर्च्यांचं. प्रेक्षक रंगमंचाच्या तिन्ही बाजूंना बसतात आणि शेवटची ओळसुद्धा नटापासून इतकी जवळ असते की कुजबुज माइकशिवाय पोचते. नाटक जवळून बघणं म्हणजे काय, हे ज्याला कळायचंय त्याने एकदा तरी इथे जावं. हिंदी आणि इंग्रजी जास्त, मराठी अधूनमधून, गुजरातीही. सोमवारी बंद. नोव्हेंबरात पृथ्वी महोत्सव असतो, त्याची तिकिटं झटपट संपतात.

इथले नियम मात्र कडक आहेत. तिकिटावर खुर्चीचा नंबर नसतो, आधी येईल त्याला आधी जागा. आणि नाटक सुरू झालं की दार बंद, पुन्हा उघडत नाही. पाच मिनिटं उशीर म्हणजे तिकीट फुकट गेलं. मुलुंडहून तुम्ही दादरमार्गे पार्ल्याला आणि तिथून रिक्षाने जाल, तर शुक्रवारी संध्याकाळी पार्ले स्टेशन ते जुहू या टप्प्यावरच वेळ जातो. अर्धा तास आधी पोचायचं ठरवा. लवकर पोचलात तर आवारातलं उपाहारगृह आहेच, आणि रांगेत पुढे उभं राहता येतं. जागा निवडताना समोरची बाजू घ्या, कडेच्या बाजूंना काही दिग्दर्शक विसरतात.

नरिमन पॉइंटचं एनसीपीए (नॅशनल सेंटर फॉर द परफॉर्मिंग आर्ट्स), मरीन ड्राइव्हच्या टोकाला. हे एक नाट्यगृह नाही, पाच आहेत, म्हणून तिकिटावर कोणतं ते बघा. टाटा थिएटर हजारभर खुर्च्यांचं, पंख्याच्या आकारात पसरलेलं, १९८० सालचं. फिलिप जॉन्सन या अमेरिकन वास्तुरचनाकाराचं काम, आणि ध्वनीची रचना अशी केलेली की भारतीय वाद्य माइकशिवायही ऐकू यावं. जमशेद भाभा थिएटर १९९९ चं, मोठ्या नृत्यनाट्यांसाठी आणि वाद्यवृंदासाठी. सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडियाचे हंगाम तिथे होतात, सहसा फेब्रुवारीच्या आणि सप्टेंबरच्या आसपास. एक्सपेरिमेंटल थिएटर ३०० जागांचं. रंगमंच आणि खुर्च्या नाटकाप्रमाणे हलवता येतात. मराठी प्रायोगिक नाटकांचे प्रयोग आणि ‘प्रतिबिंब’ हा मराठी नाट्यमहोत्सव एनसीपीएत होतो, त्यावर लक्ष ठेवा. लिटल थिएटर शंभराच्या थोडं वर. आणि गोदरेज डान्स थिएटर नावाप्रमाणे नृत्यासाठी.

तुम्ही सीएसएमटीला उतरून टॅक्सी किंवा बस पकडा. आता भुयारी मेट्रोही कफ परेडपर्यंत झाली आहे, विधान भवन स्टेशनवर उतरून पुढे चालत जाता येतं. परतताना मात्र सांभाळा. मेट्रो रात्री साडेदहाच्या सुमारास बंद होते, तेव्हा कार्यक्रम लांबला तर टॅक्सीने सीएसएमटी. तिथून तुमची गाडी मध्यरात्रीपर्यंत आहे.

दादर-प्रभादेवीचं रवींद्र नाट्य मंदिर (पु. ल. देशपांडे कला अकादमीच्या इमारतीत) विसरू नका. मोठ्या नाट्यगृहाबरोबर तिथे मिनी थिएटरही आहे, आणि कमी खर्चात प्रयोग करणाऱ्या मंडळींना ते परवडतं, म्हणून नव्या लेखकांची नाटकं तिथे सापडतात. मेट्रोचं सिद्धिविनायक स्टेशन अगदी जवळ.

वर्सोव्याच्या आरामनगर भागात छोट्या बंगल्यांमधून पन्नास-शंभर माणसांच्या खोल्या आहेत, काळे पडदे आणि चार दिवे, एवढंच. तिथे नवीन मुलं फार प्रामाणिक काम करतात. बऱ्याच ठिकाणी गादीवर किंवा पायऱ्यांवर बसावं लागतं, त्यामुळे गुडघेदुखी असणाऱ्यांनी आधी विचारून घ्यावं. मुलुंडहून वर्सोव्याला जाताना घाटकोपरला उतरून मेट्रोने थेट जाता येतं, रस्त्याने जाऊ नका.

बीकेसीचं (वांद्रे-कुर्ला संकुल) नीता मुकेश अंबानी सेंटर २०२३ मध्ये सुरू झालं. मोठं थिएटर दोन हजार खुर्च्यांचं, परदेशी संगीतिका तिथे येतात. तांत्रिक बाजू थक्क करणारी आहे, दरही तसेच. पण तिथेच २५० जागांचं स्टुडिओ थिएटर आणि १२५ जागांचा क्यूब आहे, त्यांचे दर त्या मानाने आवाक्यातले असतात. नाव ऐकून परत फिरू नका, छोट्या सभागृहांचा कार्यक्रम बघा.

@तिसरी_घंटा, पहिल्या ओळींबद्दल थोडा मतभेद. सेट नसलेलं, दोन-तीन पात्रांचं नाटक किंवा एकपात्री असेल तर दुसरी ओळच घ्यावी. डोळे दिसणं महत्त्वाचं.

---

षड्ज_पंचम

गाण्याबद्दल विचारलंत म्हणून लिहितो. मुंबईत शास्त्रीय संगीत ऐकायला पैसे लागतात हा समज चुकीचा आहे. लागते ती वेळ, आणि माहिती.

माटुंगा पश्चिमेचं दादर-माटुंगा कल्चरल सेंटर हे पहिलं नाव. छोट्या सभागृहात बैठका होतात, प्रवेश बहुतेक वेळा विनामूल्य, आणि ऐकायला येणारे लोक खरोखर ऐकणारे. जवळच माटुंगा रोड स्टेशनपाशी कर्नाटक संघाचं सभागृह, शिवाजी पार्कला सावरकर स्मारक. इथेही मंडळांचे कार्यक्रम होत असतात. वरळीच्या नेहरू सेंटरमध्ये संगीत-नृत्याचे चांगले कार्यक्रम होतात, त्यासाठी प्रवेशिका आधी घ्याव्या लागतात. तुमच्यासाठी सगळ्यात सोयीचा म्हणजे ठाणे महापालिकेचा पं. राम मराठे स्मृती संगीत समारोह, ठाण्यात गडकरीला होत आला आहे आणि विनामूल्य असतो. नामवंत आणि तरुण कलाकार एकाच मंचावर ऐकायला मिळतात.

कर्नाटक संगीत आणि भरतनाट्यमसाठी सायन-किंग्ज सर्कलचं षण्मुखानंद. सुमारे पावणेतीन हजार खुर्च्या आहेत, देशातल्या मोठ्या सभागृहांपैकी एक. वरच्या बाल्कनीचं तिकीट घेतलंत तर कलाकार बोटाएवढा दिसतो. गाण्याला चालेल, नृत्याला नाही. नृत्यात चेहरा आणि हस्तमुद्रा दिसल्या नाहीत तर निम्मी गोष्ट हरवते. नृत्य बघायचं असेल तर एप्रिलअखेर, जागतिक नृत्यदिनाच्या सुमारास एनसीपीएचा ‘मुद्रा’ महोत्सव असतो, तो बघा.

गाण्याला बसायची जागा नाटकाहून वेगळी. सभागृहात ध्वनिसंयोजकाचं मिक्सरचं टेबल कुठे आहे ते आधी शोधा. तो माणूस त्याच्या कानाला जे ऐकू येतं त्यावरून सगळं जुळवत असतो, म्हणून त्या टेबलाच्या पुढच्या दोन-तीन ओळींत तंबोरा, तबला आणि आवाज यांचं प्रमाण सगळ्यात बरोबर लागतं. अगदी पुढे कडेला बसलात तर एकाच स्पीकरसमोर येता, तबल्याची चाट (काठावरचा टणक बोल) कानावर आदळते आणि गायकाचा खर्ज, म्हणजे खालचे सूर, बुडतो. छोट्या बैठकीत माइक कमी असतो, तिथे मात्र जितकं पुढे तितकं चांगलं.

वेळेचं सांगायचं तर उघड्या मैदानात रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक बंद करावा लागतो, सरकारने वर्षातल्या मोजक्या दिवशी दिलेली बारापर्यंतची सवलत सोडून. त्यामुळे मैदानातल्या महोत्सवात शेवटच्या, म्हणजे सगळ्यात ज्येष्ठ कलाकाराचाच वेळ कापला जातो. नऊला पोचून ‘मुख्य गाणं ऐकू’ असं ठरवलंत तर पाऊण तासच हाती लागेल. सुरुवातीपासून बसा, पहिल्या तरुण गायकाला भरपूर वेळ असतो आणि तो जीव ओतून गातो. सकाळचे राग तर मैफलीत ऐकायला मिळणं दुर्मीळच झालंय. दिवाळी पहाट आणि सकाळची सत्रं ही संधी असते. पहाट कार्यक्रमांच्या प्रवेशिका आठ-दहा दिवस आधी वाटतात, ठाणे आणि पार्ल्यात तर त्याच दिवशी संपतात.

आणि एक कळकळीची विनंती. राग चालू असताना आत शिरू नका, बाहेर पडू नका. बंदिश संपेपर्यंत दाराशी थांबायला दहा मिनिटं लागतात. आलापीत खुर्ची धाडकन मिटल्याचा आवाज कलाकाराला थेट लागतो.

---

मुलुंडकर_नवा

किती मनापासून लिहिलंत सगळ्यांनी! जाहिरातीतलं ‘भावे’ वाचून मी खरंच गोंधळलो होतो. आणखी दोन शंका. बाबांना दशावतार आणि लावणी फार आवडते, ती मुंबईत कुठे? आणि एकांकिका स्पर्धा बाहेरच्या प्रेक्षकाला बघता येतात का?

---

गिरणगाव

येतात, आणि जरूर बघा. मुंबईची उद्याची रंगभूमी तिथेच दिसते.

चतुरंग प्रतिष्ठानची ‘सवाई’ एकांकिका स्पर्धा सगळ्यात वेगळी. वर्षभरात इतर स्पर्धांत पहिल्या आलेल्या एकांकिका इथे उतरतात, आणि २५ जानेवारीच्या रात्री सुरू झालेली स्पर्धा २६ च्या पहाटेपर्यंत चालते. तिकिटं लवकर जातात. रात्रभर बसायचं असल्याने शाल न्या, वातानुकूलन पहाटे तीनला फार बोचतं. दोन एकांकिकांच्या मध्ये सेट लावायचा वेळ मिळतो, तेव्हाच चहा घ्या. महाविद्यालयीन पोरांचा आरडाओरडा असतो, घोषणा असतात. पण पडदा उघडला की शांत. डिसेंबरात लोकसत्ता लोकांकिकेची महाअंतिम फेरी होते, तीही बघण्यासारखी.

याहून स्वस्त म्हणजे राज्य नाट्य स्पर्धा. सांस्कृतिक कार्य संचालनालयाची, हौशी संघांची, हिवाळ्यात प्राथमिक फेरी. तिकीट नाममात्र, चहाच्या पैशात नाटक. मुंबई केंद्रातली नाटकं गिरगावच्या साहित्य संघ मंदिरात होत आली आहेत. रोज एक, कधी दोन नाटकं. दर्जा खालीवर असतो, पण एखादं नाटक असं निघतं की व्यावसायिकवाल्यांनी उचलावं. साहित्य संघाला चर्नी रोड स्टेशन जवळ, मेट्रोचं गिरगाव स्टेशनही. संगीत नाटकाचे प्रयोगही तिथे होतात. पुढच्या ओळींत बसलात तर ऑर्गनवाले आणि तबलजी अगदी शेजारी असतात, नटाने तान घेतली की त्यांची नजर कशी वर जाते ते बघण्यासारखं असतं.

आता बाबांसाठी. दशावतार, नमन (कोकणातलं खेळे-नाट्य), शक्ती-तुरा (दोन शाहिरांचा सामना) आणि भजनाची डबलबारी (दोन भजनी बुवांची जुगलबंदी) यांचे प्रयोग मुंबईत भरपूर होतात, पण वर्तमानपत्राच्या पानावर फारसे येत नाहीत. ते लावतात कोकणातली गाव-मंडळं. जाहिरात म्हणजे लालबाग-परळ-भांडुप-दिवा पट्ट्यातले बॅनर आणि मंडळांचे व्हॉट्सॲप ग्रुप. तुमच्या भांडुप-मुलुंड भागात कोकणी वस्ती मोठी आहे. कुठल्याही कोकणी किराणावाल्याला किंवा मालवणी खाणावळीत विचारलंत की पुढच्या प्रयोगाचा पत्ता लागतो. तिकीट बहुतेकदा मंडळाच्या कार्यकर्त्याकडेच मिळतं, ॲपवर मिळेलच असं नाही.

दशावताराबद्दल एवढं माहीत असू द्या की याला लिहिलेली संहिता नसते. आख्यान ठरलेलं, प्रवेशांचा क्रम ठरलेला, संवाद मात्र नट उभ्या उभ्या बोलतात. म्हणून तेच आख्यान दोन कंपन्यांकडून बघितलं तर दोन वेगळी नाटकं वाटतात. जत्रेत रात्रभर चालणारा खेळ नाट्यगृहात तीन-साडेतीन तासांत बसवतात, त्यामुळे सुरुवातीचा संकासुराचा (वेद चोरणाऱ्या राक्षसाचा) भाग बऱ्याचदा आटोपता घेतलेला किंवा गाळलेला असतो. साथ पेटी, पखवाज, झांज एवढीच. पुढे बसा, युद्धाच्या प्रवेशात पखवाजाचा आवाज छातीत जाणवला पाहिजे.

शक्ती-तुऱ्याचा सामना असेल तर चार-पाच तास लागतील हे धरून जा. दोन शाहीर, दोन बाऱ्या. आधी गण, मग गौळण, मग सवाल-जवाब. खरा रंग सवालांना चढतो आणि तो उत्तरार्धात असतो. मध्यंतराला उठून येणारा माणूस चांगलं तेच सोडून येतो.

लावणीला जाताना जाहिरात नीट वाचा. ढोलकी, पेटी, हलगी प्रत्यक्ष वाजणार आहे का, गायिका रंगमंचावर आहे का, हे विचारा. बऱ्याच कार्यक्रमांत गाणी ध्वनिमुद्रित लावतात आणि नुसता नाच असतो. संगीत बारीच्या (लावणी गाणाऱ्या-नाचणाऱ्या पारंपरिक फडांच्या) परंपरेतल्या कलावंत बसून अदाकारी करतात, ओळ न ओळ वेगवेगळ्या भावाने उलगडतात. त्यांचा कार्यक्रम लागला तर मोठं नाट्यगृह सोडा, छोट्या सभागृहातलं तिकीट काढा आणि पुढेच बसा. नजरेचा खेळ तेराव्या ओळीत पोचत नाही.

जानेवारीअखेर-फेब्रुवारीत फोर्टचा काळा घोडा महोत्सव नऊ दिवस असतो, सगळं विनामूल्य. नाच, नाटक, गाणी, सगळंच. शनिवार-रविवारी पाय ठेवायला जागा नसते, आईंना घेऊन जायचं तर मधल्या वाराची दुपार.

---

तिसरी_घंटा

@रंगपट, दोन पात्रांच्या नाटकाबाबत मान्य. फक्त दुसऱ्या ओळीचं तिकीट काढण्याआधी त्या नाट्यगृहात रंगमंच किती उंच आहे ते बघावं. जुन्या नाट्यगृहांत तो चांगलाच उंच असतो.

@मुलुंडकर_नवा, आईंच्या गुडघ्यांचं राहिलं होतं. तिकीट काढण्याआधी नाट्यगृहात फोन करून तीन गोष्टी विचारा: प्रवेशद्वारापासून खुर्चीपर्यंत पायऱ्या किती, लिफ्ट आहे का आणि प्रयोगाच्या वेळी चालू असते का, आणि स्वच्छतागृह त्याच मजल्यावर आहे का. तिसरा प्रश्न लोक विसरतात, आणि मध्यंतराच्या दहा मिनिटांत दोन जिने उतरून परत येणं गुडघेदुखीच्या माणसाला जमत नाही. नूतनीकरणानंतर नाट्यगृहांत बरेच बदल झालेत, त्यामुळे जुन्या माहितीवर विसंबू नका.

तळमजल्यावर आतल्या बाजूलाही उतार किंवा बुटक्या पायऱ्या असतात आणि अंधारात त्या दिसत नाहीत. म्हणून मधल्या वाटेला लागून असलेली कडेची खुर्ची घ्या. ती रांगेच्या कडेची असली तरी सभागृहाच्या मध्याजवळ येते, त्यामुळे दिसायला अडचण नाही आणि पायही लांब करता येतात. पहिली घंटा व्हायच्या आधी आत जाऊन बसा, दिवे चालू असतात.

तिकीट प्रयोग होईपर्यंत जपून ठेवा. नट आजारी पडून प्रयोग रद्द झाला तर ज्या खिडकीवर काढलं तिथेच तिकीट दाखवून पैसे परत मिळतात. ॲपवरचे आपोआप खात्यात येतात, वरचा सेवाकर मात्र बऱ्याचदा येत नाही. आणि जाहिरातीत तारीख आहे पण तिकीटविक्री कुठेच दिसत नाही, असं झालं तर तो कंत्राटी प्रयोग असण्याची शक्यता जास्त. म्हणजे एखाद्या संस्थेने किंवा मंडळाने अख्खा प्रयोग विकत घेतलेला असतो आणि तिकिटं त्यांच्या सभासदांतच वाटली जातात. त्या संस्थेला फोन केला तर उरलेली दोन-चार तिकिटं अनेकदा मिळून जातात.

आई-बाबांसाठी पहिलाच प्रयोग असेल तर मी सांगेन शनिवारी दुपारी चारचा गडकरीचा घ्या. साडेसहाला सुटाल, तलावापाशी थोडं बसता येईल, आणि परतीच्या लोकलला मुलुंड एकच स्टेशन आहे.

---

मुलुंडकर_नवा

शनिवारचा गडकरीचाच बघतो, मधल्या वाटेलगतच्या तीन खुर्च्या खिडकीवरूनच काढेन. @गिरणगाव, आमच्या गल्लीच्या तोंडाशी मालवणी खाणावळ आहे, आज जेवायला जाणारच होतो, दशावताराचं तिथेच विचारतो.

---

गिरणगाव

विचाराल तेव्हा कंपनीचं नावही विचारून घ्या, आणि त्या रात्री कोणतं आख्यान लागणार तेही. बाबा जाणकार असतील तर दोन्ही ऐकूनच जायचं की नाही ते ठरवतील.